दोन रात्रींसाठी कुमुदताईची खोली

"सहा तऱ्हेचे मग टांगलेत भिंतीला, आणि चहाला एक धड पातेलं नाही." वहिनी पलीकडे पुटपुटते आहे. "लेखकाच्या घरात चहा होत नव्हता की काय, कोण जाणे."

"हळू," दादा म्हणतो. "झोपलीय ती."

ती झोपलेली नाही. शालन आतल्या खोलीत डोळे मिटून पडली आहे, मध्ये फक्त एक प्लायवूडचं दार आहे, त्यामुळे वहिनीची कुरकुर थेट तिच्या उशाशी येऊन बसते. दुपारचे अडीच वाजलेत. जेवण अंगावर आलंय. पंखा दर फेरीला एकदा टक् करतो, आणि दोन टक्‌च्या मधल्या जागेत झोप एक पाय टाकते, मग पुन्हा काढून घेते.

पुण्यातली ही गल्ली लेखकांची. म्हणजे होती. दोनशे पावलांत चार कादंबरीकार, दोन कवी, आणि त्या सहाही जणांशी भांडलेला एक समीक्षक, असे सगळे एकाच काळात इथं राहून गेले. आता प्रत्येक फाटकाशी पाटी आहे की इथं अमुक राहत असत, आणि वरच्या मजल्यांवर सुट्टीला आलेल्या माणसांचे ओले टॉवेल वाळत असतात. घरं दोन-दोन रात्रींसाठी मिळतात. या घराच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'शब्दांच्या सहवासात निवांत मुक्काम'. शालनने ती जाहिरात साताऱ्यात आपल्या डीटीपीच्या दुकानात, एक लग्नपत्रिका जुळवता जुळवता वाचली, आणि पत्रिकेत वराच्या जागी वराच्या मामाचं नाव टाकून बसली.

कारण हे घर श्रीपाद बिवलकरांचं. आणि ही आतली खोली तिच्या बहिणीची.

कुमुदताई शालनहून चौदा वर्षांनी मोठी. वडील वाईला एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांच्या शेजारी बसून ताई अक्षर शिकली, आणि ते असं निघालं की पुण्याहून बोलावणं आलं. बिवलकर येरझाऱ्या घालत बोलायचे, ती लिहायची. ते खोडायचे, ती पुन्हा स्वच्छ लिहायची, कागदाच्या एकाच बाजूला, रुंद समास सोडून, छापखान्यासाठी. याला मुद्रणप्रत म्हणतात. नऊ वर्षं तिनं ते काम केलं. मग एकोणनव्वद साली, चौतिसाव्या वर्षी, या खोलीत काविळीनं गेली.

घरात त्यासाठी एकच शब्द आहे. अचानक. कुमुद अचानक गेली. आई शेवटपर्यंत तेच म्हणाली, दादा तेच म्हणतो, आणि दादाशी लग्न होऊन नंतर घरात आलेली वहिनी तेच ऐकून तेच सांगत आली आहे.

अचानक काही नव्हतं. ताई अकरा दिवस अंथरुणावर होती. बिवलकरांच्या बायकोची, काकूंची, तीन पोस्टकार्डं वाईला आली. कुमुद वाट बघते आहे, कुणीतरी या. तेव्हा वडील हयात नव्हते, शालन वीस वर्षांची होती आणि तिला बघायला साताऱ्याचे पाहुणे यायचे होते. परक्या पुरुषाच्या घरी राहणाऱ्या मोठ्या मुलीबद्दल वाईत बरंच बोललं जात होतं. त्यात ही आता आजारी होऊन दारात उतरली, तर पाहुण्यांना काय सांगायचं? पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू, असं ठरलं. पाहुणे आले. मग तार आली.

शालनने ही खोली घेतली तेव्हा निरोपात एवढंच लिहिलं होतं की माझी बहीण इथं राहत असे. बिवलकरांची नातसून केतकी, जी आता हे घर बघते, ती हरखली. खोलीत आपण एक कार्ड लावू या, मावशी, म्हणाली. त्यांच्याबद्दल चार ओळी द्या, पाच वाजता येते मी चहाला, तेव्हा घेईन. दादाने त्या ओळी वाईहूनच लिहून आणल्यात. शेवटची ओळ, '१९८९ साली त्यांचे अचानक निधन झाले.' जुळवायचं काम शालनचं. कागद तिच्या छातीवर आहे, पंख्याच्या वाऱ्यानं कोपरा हलतोय. दादा सोबतीला आलाय की राखणीला, हे तिला कालपासून कळलेलं नाही, म्हणजे कळलंय.

भिंतीवर, तिच्या डोक्याच्या वर, काचेत एक पान लावलंय. खाली पितळी पट्टी: 'बिवलकरांच्या हस्ताक्षरात.' अक्षर ताईचं. काल उंबऱ्यातच ओळखलं तिनं, आणि तेव्हापासून ती धुमसते आहे. बाहेरच्या खोलीत शोभेला एक टाइपरायटर मांडलाय. बिवलकरांनी जन्मात टाइपरायटरला हात लावला नव्हता. उशांच्या अभ्र्यांवर अ आ इ ई छापलंय. त्यावर डोकं ठेवून माणसं दोन रात्री झोपतात आणि उठल्यावर म्हणतात, काय वातावरण आहे.

पंखा टक् करतो.

"आणि साखर कुठं ठेवलीय?" वहिनीचा आवाज आता लांबून येतो, नळीतून आल्यासारखा.

"पातेलं ओट्याखाली आहे," कुणीतरी म्हणतं. "उजव्या हाताला, मागं. सांग तिला."

आवाज दाराच्या पलीकडून आलेला नाही. शालन डोळे उघडते, किंवा उघडले असं तिला वाटतं. पलंगाच्या पायथ्याशी कुमुदताई बसली आहे. अंगात तीच फिकी निळी साडी, मनगटावर शाई. चौतीस वर्षांची. शालनला आधी तिचं वय दिसतं, मग ती.

"ताई."

"उठून बस. केसांचं काय केलंस हे?"

"गळायला लागले. थायरॉईड. मग खांद्यापर्यंत कापले."

"मला वाटलं कुणी रागानं कापले."

"आता मी तुझ्याहून मोठी आहे हं," शालन म्हणते. का म्हणते कुणास ठाऊक. "छप्पन्न."

"वयानं. बाकीचं नंतर बघू. पाठ कर इकडे."

शालन पाठ करते. ताईची बोटं केसांत शिरतात, थंड नाहीत, कोमटही नाहीत, कागदासारखी कोरडी आहेत. ती चार पेड वेगळे करते. लहानपणी शाळेत जाताना ताई चौपेडी वेणी घालायची, सगळ्या वर्गात एकटीची. खांद्यापर्यंतचे केस लागतील तेवढे लांब होत जातात. शालनला यात काही विशेष वाटत नाही.

"दोन रात्रींसाठी घेतलीस म्हणे खोली."

"हो."

"नाश्त्यासकट?"

"नाश्त्यासकट."

"छान. मला अकरा दिवस मिळाली होती. पेजेसकट."

शालनला रडू यायला हवं, पण येत नाही. आधी राग येतो, कारण तो कालपासून हाताशीच आहे. "ताई, ते पान बघितलंस? तुझं अक्षर आहे ते. खाली त्यांचं नाव टाकलंय. मी सांगणार आहे केतकीला. पितळी पट्टी उचकटून टाक म्हणणार आहे. नऊ वर्षं तू राबलीस आणि..."

"मान सरळ ठेव."

"तुला राग नाही येत?"

"त्या पानावर शब्द त्यांचे, अक्षर माझं. दोघांनाही त्यातलं काही नेता आलं नाही. ते राहू दे तिथं. उशांवर अ आ छापलंय, तेही राहू दे." केसाला हिसका बसतो. "परक्यावर रागवायला काय लागतं गं? कालपासून त्या पट्टीशी भांडतेयस. पट्टीला लागत नाही, तुलाही लागत नाही."

शालन मान सरळ ठेवते. समोर आता भिंत नाही, पुढच्या सीटची पाठ आहे, हिरवं रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला. एसटी वाईच्या स्टँडात उभी आहे. खिडकीला काच नाही. ताई मागच्याच सीटवर बसून वेणी घालते आहे, आणि गाडीत बाकी सगळे प्रवासी आपापली पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेत, खूप वेळ बसल्यासारखे.

कंडक्टर येतो. "कुठं?"

"पुणे."

"ही सुटली नाही अजून."

"कधी सुटणार?"

कंडक्टर पुढं जातो. ताई मागून म्हणते, "सुटत नाही, कारण तू दरवेळी उतरतेस."

"मी कुठं उतरले? मी चढलेच नव्हते."

"तेच म्हणतेय."

खिडकीतून घर दिसतं. स्टँडवरून घर दिसत नाही खरं तर, मध्ये दोन गल्ल्या आहेत, पण दिसतं. आई डोक्यावरून पदर घेऊन पोह्यांच्या बश्या मांडते आहे. दादा दारात उभा आहे, सत्तावीस वर्षांचा, मिशी नुकती कोरलेली. त्याच्या हातात एक पोस्टकार्ड आहे. तो ते वाचतो, दुमडतो, खिशात घालतो, पुन्हा काढून वाचतो.

"साडेदहाला एक गाडी पोचायची वाईची," ताई म्हणते. "आणि चारला एक. साडेदहा वाजले की काकू खिडकी उघडून ठेवायच्या, गल्लीत कुणी वळलं तर दिसावं म्हणून. आणि त्याआधी रोज माझी वेणी घालायच्या. म्हणायच्या, पाहुणे येतील आज, अशी अवतारात नको दिसायला." ती थांबते. बोटं थांबत नाहीत. "इथंही पाहुण्यांचीच वाट होती. गंमत बघ."

"ताई, पुरे."

"नवव्या दिवशी मीच म्हटलं, काकू, आज वेणी नको."

शालन उठू बघते. वेणी धरलेली आहे, उठता येत नाही. "दवाखान्यात का नाही नेलं तुला? बिवलकर होते ना एवढे मोठे. सगळे डॉक्टर ओळखीचे."

"कागदावर सही लागायची. परक्या बाईला दाखल करायचं, उद्या कमीजास्त झालं तर, म्हणून ते म्हणाले, घरचं माणूस येऊ दे, मग हलवू. पंधरा पुस्तकं लिहिली. एक सही नाही झाली." ताई हसते. ते हसू शालनच्या मानेवर पडतं. "त्यांच्यावरही राग आहे माझा. तुला काय वाटलं? काकू सोडल्या तर सगळ्यांवर आहे. पण तुझ्यावर वेगळा आहे."

"माझ्यावर का वेगळा? दादा मोठा होता. आई होती. मला कोण विचारत होतं?"

"तुला विचारलं होतं."

शालनला ते नको असतं, आणि म्हणूनच ते समोर येतं. ती गाडीत नाही. ती सतरंजीवर बसली आहे, गुलाबी साडीत, हात मांडीवर. समोर साताऱ्याचे पाहुणे. पोह्यांवर खोबरं आहे, कोथिंबीर आहे. तिचे सासरे, म्हणजे तेव्हा अजून सासरे नाहीत, चमचा बशीत ठेवून अगदी साधेपणानं विचारतात, "थोरली बहीण कुठं असते म्हणालात?" आई दादाकडे बघते. दादा जमिनीकडे बघतो. पोस्टकार्डाचा कोपरा त्याच्या खिशातून वर आलाय. खोलीतले सगळे शालनकडे बघतात. त्यांनी तिला सांगितलेलं नाही की तू बोल. नुसते बघतात.

"पुण्याला असते," शालन म्हणते. आवाज विशीतला, गोड. "बरी आहे."

"सहावा दिवस होता तो," ताई मागून म्हणते. पाहुण्यांना ती दिसत नाही. "त्या सकाळी माझे डोळे इतके पिवळे झाले होते की काकूंनी आरसा उलटा करून ठेवला. आणि तू म्हणालीस, बरी आहे."

"मी काय म्हणायला हवं होतं?"

"आजारी आहे."

"मग लग्न मोडलं असतं."

"मोडलं असतं."

पाहुणे पोहे खातात. चमच्यांचा आवाज चालू राहतो. शालनला आता खरोखरचा राग येतो, छातीच्या तळातून, आणि गंमत म्हणजे तो ताईवर येतो. छत्तीस वर्षं तो कुणालाच दिसला नव्हता, तिलाही.

"तू कशाला गेलीस तिथं राहायला?" ती म्हणते, आणि पाहुण्यांपैकी कुणी मान वर करत नाही. "नऊ वर्षं. दिवाळीला दोन दिवस यायचीस आणि त्यांच्या पुस्तकाच्याच गोष्टी सांगायचीस. इथं आईला नळावर बायका काय काय विचारायच्या, ठाऊक होतं तुला. मला शाळेत विचारायच्या. तुझ्यामुळे दोन स्थळं आधीच परत गेली होती. तू मजेत होतीस तुझ्या अक्षरात, आणि निस्तरायचं आम्ही."

"हां," ताई म्हणते. "आता बरं बोलतेयस."

"वाईला काम नव्हतं का?"

"होतं. बिलं लिहायचं. तिथं माझ्या अक्षरासाठी कुणी येरझारा थांबवत नव्हतं."

"आणि तुझं आणि त्यांचं..."

वेणी इतक्या जोरात ओढली जाते की डोळ्यांत पाणी येतं.

"ते माझं आहे," ताई म्हणते. "होतं की नव्हतं, ते माझं आहे. तुम्ही मला घरी नेलं नाहीत, निदान ते तरी माझ्यापाशी राहू दे."

शालनच्या हाताखाली सतरंजी नाही, लाकूड आहे. वडिलांच्या छापखान्यातला तिरका खोका, त्याला शेकडो लहान लहान कप्पे, एकेका कप्प्यात एकेक अक्षर. ती उभी आहे आणि कप्पे तिच्या छातीपर्यंत आहेत, म्हणजे ती आठ-नऊ वर्षांची असावी. पण हातावरची नस छप्पन्न वर्षांची आहे. कुठंतरी यंत्र चालू आहे, टक्, टक्.

"जुळव," ताई म्हणते. "चार ओळी हव्यात ना त्या पोरीला."

शालन एका कप्प्यात बोट घालते. खिळा लागत नाही. कोरडे पोहे आहेत. दुसऱ्यात घालते, तिसऱ्यात. सगळ्या कप्प्यांत पोहे, बोटांतून निसटणारे, हलके, शिशाचं वजन कुठंच नाही. खोक्याशेजारी दादाचा कागद आहे आणि त्यावरची शेवटची ओळ मात्र आधीच जुळवून, दोरी बांधून, छापायला तयार ठेवलीय.

"अक्षरंच नाहीत," ती म्हणते.

"बघ नीट."

"नाहीत, ताई. मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जुळवत आले. चिरंजीव अमुक, सौभाग्यकांक्षिणी तमुक. चुकली तर पुन्हा छापून देते. हे कसं जुळवायचं मला येत नाही."

ताईचं वेणी घालणं संपत आलंय. पेड बारीक होत चाललेत. शालनला एकाएकी कळतं की वेणी संपली की ही जाणार, आणि ती मान मागं टाकते, वेळ मिळावा म्हणून, लहानपणी शाळेला उशीर करायला टाकायची तशी. ताई ओळखते. टपली मारते.

"मला माफ केलंस का?" शालन विचारते.

"नाही."

"कधी करशील?"

"शालन, मी मेलेय. माझ्यात आता नवीन काही होत नाही. जसा राग होता तसा आहे, जशी माया होती तशी आहे. दोन्ही चौतीस वर्षांचे." ती बोलते तेव्हा तिचा श्वास लागत नाही मानेला, नुसते शब्द लागतात. "तुझ्यात होऊ शकतं काहीतरी, अजून."

"मी तुला सगळं सांगायला आले होते. म्हणून तर ही खोली घेतली."

"मला काय सांगतेस? मी इथंच होते. मला सगळं माहीत आहे." दोऱ्याचा रीळ उलगडल्याचा आवाज. मुद्रणप्रतीची पानं ती पांढऱ्या दोऱ्यानं शिवायची. "ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग. ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासमोर सांग."

"दादा मोडेल गं."

"तो मोडलेलाच आहे. काल जेवताना बघितलंस ना, तो या दाराकडे पाठ करून बसला होता. आजही."

ती शालनच्या मानेशी वाकते. दातांनी दोरा तोडते. तो आवाज इतका जवळ, इतका खरा आहे, की शालन दचकते.

दाराची बेल वाजते आहे.

खोलीत उतरतं ऊन आलंय, पलंगाच्या कडेपर्यंत. पंखा टक् करतो. शालन उठून बसते. दादाचा कागद घसरून जमिनीवर पडलाय. तोंड कोरडं पडलंय, आणि डोक्याची कातडी दुखते आहे, लहानपणी फार घट्ट वेणी घातल्यावर दुखायची तशी. ती कागद उचलते आणि तशीच बाहेर येते.

केतकी आली आहे. तिशीची मुलगी, मांडीवर टॅब, चेहऱ्यावर मनापासूनचा उत्साह. वहिनीने कुठून तरी चहा जमवलाय. दादा टाइपरायटरशेजारच्या खुर्चीत बसलाय, आतल्या दाराकडे पाठ करून.

"या, या," वहिनी म्हणते. "बेल दोनदा वाजली तरी उठला नाहीत, म्हटलं गाढ..." आणि थांबते. "शालनताई, वेणी कधी घातलीत?"

"कुठली?"

"ही काय. मघाशी तर क्लिप लावून झोपलात."

शालन हात मागं नेते. मानेवर बोटभर लांबीची वेणी आहे, आखूड केसांची जेमतेम बसलेली, पण घट्ट. चार पेडांची. ती शेवटापर्यंत बोटं नेते. टोकाला रबर नाही, दोरा आहे, दोन वेढे आणि एक गाठ, आणि उरलेलं टोक तोडलेलं. तिच्या सामानात दोरा नाही. चौपेडी वेणी तिला स्वतःची कधी घालता आली नाही. हात मागं नेऊन ती येतही नाही कुणाला.

"बघू," वहिनी जवळ येते. "काय सुरेख. कुणी शिकवली?"

दादा वळतो. छत्तीस वर्षं या गोष्टीकडे पाठ करून बसलेला माणूस खुर्चीसकट वळतो आणि बहिणीच्या मानेवरची वेणी बघतो. ताई शालनची वेणी घालायची तेव्हा तोही रोज सकाळी त्याच अंगणात दप्तर भरत असायचा. हातातला कप तो खाली ठेवत नाही, नुसता धरून राहतो.

"कुणी घातली?" तो विचारतो. आवाज खाली गेलेला.

"तुला माहीत आहे कुणी," शालन म्हणते.

तो हसत नाही. काहीतरीच काय, असंही म्हणत नाही.

केतकीला यातलं काही कळलेलं नाही. ती टॅब उघडते. "मावशी, त्या चार ओळी झाल्या का? आज दिल्या तर मी उद्याच छापायला टाकते."

"झाल्यात," दादा घाईघाईनं म्हणतो. "तिच्या हातात आहेत. वाच गं. नाही तर आण, मीच वाचतो." तो हात पुढं करतो. शालन कागद देत नाही. मग तो पाठ असलेलं म्हणू लागतो, डोळे टाइपरायटरवर ठेवून. "कुमुद हेंद्रे यांनी नऊ वर्षे बिवलकरांच्या मुद्रणप्रती तयार केल्या. त्यांचे हस्ताक्षर सुंदर होते. एकोणीसशे एकोणनव्वद साली त्यांचे अचानक..."

"अचानक म्हणजे काय झालं होतं, काका?" केतकी विचारते. तिला खरंच जाणून घ्यायचंय. "आमच्याकडे कुणी कधी नीट सांगितलं नाही. आजेसासूबाई त्यांचं नाव निघालं की उठून आत जायच्या."

"अहो, कुणाला काही कळायच्या आत गेल्या," वहिनी म्हणते, हळहळत, तिला जसं सांगितलं गेलं तसंच, तीस वर्षं सांगत आली तसंच. "मी तेव्हा घरात आले नव्हते. पण सासूबाई सांगायच्या ना. निरोप यायच्या आत सगळं संपलं होतं."

"वहिनी," शालन म्हणते, "निरोप आला होता. तीन वेळा."

"शालन," दादा म्हणतो.

"काविळीनं अकरा दिवस आतल्या खोलीत होती ती. काकू पोस्टकार्ड टाकत होत्या, या म्हणून. घरचं माणूस आल्याशिवाय तिला दवाखान्यात हलवणार नव्हते. आम्ही तिघांनीही वाचली होती ती कार्डं. मला बघायला आलेल्या लोकांनी विचारलं, थोरली कुठं असते. मी म्हटलं, पुण्याला, बरी आहे."

वहिनी दादाकडे बघते. दादा कपाकडे बघतो. केतकीचं बोट टॅबवर आहे तिथंच आहे.

"कार्डावर लिहितात का असलं?" दादा म्हणतो. रागावून म्हणायला गेला होता, तसं निघालं नाही. "लोक सुट्टीला येतात इथं, शालन."

"मग कुठं लिहितात, दादा? सांग, तिथं लिहू."

त्याचे ओठ हलतात, आणि त्यातून पुन्हा तेच, सवयीनं, "अगं, कळलं असतं इतकं वाढलंय तर आम्ही काय..."

"कळलं होतं," शालन म्हणते. तिचा आवाज चढत नाही. चहात साखर किती, हे सांगावं तसा येतो. "तिसऱ्या कार्डात काकूंनी स्पष्ट लिहिलं होतं, वाचेल असं वाटत नाही. ते वाचून कुणी रडलं नाही, दादा. आईनं कार्ड चुलीत घातलं, तू बाहेर जाऊन बसलास, आणि मी पाहुण्यांसाठी साडी इस्त्रीला काढली. कारण ती गेली तर सगळं सोपं होणार होतं, आणि ती जावी असंच आपल्या तिघांना वाटत होतं."